मागून येणाऱ्याला

डावीकडे वळायचं असेल तर उजवा हात बाहेर काढायचा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गोल फिरवायचा, असं 1989 च्या रस्तेवापराच्या नियमांत सांगितलं होतं. उजवीकडे जायचं तर तोच हात आडवा, तळवा पुढे. वेग कमी करायचा तर तळवा जमिनीकडे करून हात खाली-वर. थांबायचं तर कोपरापासून हात उभा. सगळं काम उजव्या हाताचं, कारण नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोटार होती आणि मोटारचालकाचा डावा हात गाडीच्या आतच राहतो. सायकलवाल्याचे दोन्ही हात उघड्यावर असतात. पण त्याच्यासाठी वेगळा विचार करायला कोणाला सवड होती?

डावीकडे वळण्यासाठी हात गोल फिरवणारा माणूस मी आमच्या वडनेर भोलजीत एकही पाहिलेला नाही. उजवा हात आडवा करणारे दिसतात, तोही अर्धामुर्धा. कोपर बरगडीला चिकटलेलं, पंजा तेवढा जरासा बाहेर, आणि तोही वळण निम्मं झाल्यावर. यात आळस नाही. आमच्याकडे सायकल रिकामी क्वचितच चालते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असतात, कॅरिअरवर चाऱ्याचा भारा असतो, कधी फवारणीचा पंप असतो, कधी दप्तर आणि त्यावर धाकटा भाऊ. अशी सायकल दोन्ही हातांनी धरली तरच सरळ चालते. एक हात सोडला की पुढचं चाक आपल्या मनाने वागायला लागतं. म्हणजे ज्याची सायकल सर्वांत जड, ज्याला वळायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यालाच आपण वळतोय हे सांगायला हात मोकळा नाही. सायकलला इंडिकेटर बसवण्याची कल्पना हसण्यावारी नेणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो: भरलेले कॅन लावून बसस्टँडापासून पुढे जा आणि एक हात सोडून दाखवा.

मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं आमचं गाव हमरस्त्यावर आहे. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून ‘सहा नंबर’च आहे, नव्या क्रमांकात तो 53 झाला. गुजरातच्या हजीऱ्याहून निघून खानदेश, वऱ्हाड, नागपूर करत तो थेट ओडिशातल्या पारादीपच्या बंदराला जातो. याच रस्त्याच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबराचा सलग थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता किती लवकर झाला याची नोंद होते. तो ओलांडण्यासाठी सायकलवाल्याला कडेला किती वेळ उभं राहावं लागतं, याची नोंद ठेवणारं पुस्तक अजून निघायचं आहे.

रस्ता गुळगुळीत झाला तसा वेग वाढला. ताशी 80 किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला 22 मीटर अंतर कापतो. बरी चालणारी रिकामी सायकल कापते 4 मीटर. ट्रकवाल्याच्या दृष्टीने सायकल जवळजवळ उभीच असते. तिच्यावरचा माणूस पुढच्या दोन सेकंदांत काय करणार, हे त्याला पाठीवरून ओळखावं लागतं. आणि पाठ फार कमी बोलते.

माझी पुतणी शाळेत सायकलने जाते. तिला मिळालेली सायकल सरकारी योजनेतली आहे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देतात, आणि त्या सायकलींनी आमच्याकडे जे केलं ते भल्याभल्या भाषणांनी झालं नसतं. पण सायकल देणाऱ्याने घंटी दिली, कॅरिअर दिलं, पाठीमागे लाल रिफ्लेक्टर दिला. हिवाळ्यात शिकवणीहून परतताना सहा वाजताच अंधारतं, त्यासाठी काही दिलं नाही. रिफ्लेक्टर चांगलाच. पण तो फक्त ‘इथे कोणीतरी आहे’ एवढंच सांगतो. ‘मी आता उजवीकडे येणार आहे’ हे सांगणं त्याच्या कुवतीबाहेरचं. ते सांगणारं काही घरच्या घरी करता येईल का, यावर आमच्या दोघांच्या संध्याकाळी जाऊ लागल्या. मी जुन्या रेडिओंवर हात साफ केलेला माणूस, आणि तिला विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी हवंच होतं.

दिवा लुकलुकवणं हे यातलं सर्वांत सोपं काम निघतं. त्याचं श्रेय हान्स कामेन्झिंड या स्विस माणसाचं. 1971 साली अमेरिकेत बसून त्याने सिग्नेटिक्स कंपनीसाठी एक टायमर आखला. पुढच्या वर्षी तो 555 या नावाने बाजारात आला आणि आजही चहाच्या किमतीत मिळतो. आठ पायांचा काळा किडा, पोटात पंचवीसेक ट्रान्झिस्टर. त्याला बाहेरून दोन रोध आणि एक कपॅसिटर जोडला की काम झालं. कपॅसिटर हा रांजण समजा. बारीक धारेने तो दोन तृतीयांश भरला की 555 तोटी उघडतो. एक तृतीयांशावर आला की तोटी बंद करून पुन्हा भरू देतो. भरताना दिवा लागलेला, रिकामा होताना विझलेला. रोध एक 1 किलोओहमचा, दुसरा 47 किलोओहमचा आणि कपॅसिटर 10 मायक्रोफॅरडचा घेतला तर दिवा मिनिटाला 91 वेळा लुकलुकतो. मोटारगाड्यांच्या इंडिकेटरसाठी जगभर मान्य असलेली चौकट मिनिटाला 60 ते 120 ची. आपण बरोबर मधोमध.

या मांडणीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की ते दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश बॅटरीच्या दाबाच्या प्रमाणात ठरतात. बॅटरी उतरली तर दोन्ही खुणा बरोबरीने खाली येतात. दिवा मंद होतो, पण त्याची लय तीच राहते. म्हातारी बॅटरीसुद्धा ठेका सोडत नाही. कागदावरचा 91 चा आकडा मात्र फार मनावर घेऊ नये. स्वस्त कपॅसिटरवर जे छापलेलं असतं त्यात वीस टक्के इकडेतिकडे चालतं, आणि आमच्या वैशाखात पत्र्याखाली ठेवलेल्या सायकलवर तो काय करील ते तोच जाणे. एका बाजूची लुकलुक दुसरीपेक्षा जरा घाईची झाली तरी मागच्याला फरक पडत नाही.

बॅटरीचा प्रश्न आमच्या भागाने परस्पर सोडवून ठेवला आहे. डायनामो हा पहिला विचार प्रत्येकाच्या मनात येतो: टायरला घासून चालणारी ती 6 व्होल्ट, 3 वॅटची बाटली. एके काळी रात्री बिनदिव्याची सायकल पोलिसाने अडवली की ‘डायनामो बिघडलाय साहेब’ हे ठरलेलं उत्तर असे. पण इंडिकेटरसाठी डायनामो म्हणजे नेमका उलटा नोकर. वळण्याआधी आपण हळू होतो, रस्ता ओलांडायला तर थांबतोच, आणि त्याच क्षणी तो काम सोडतो. त्याऐवजी शेतकऱ्यांच्या घरांतून बॅटरीवरचे फवारणी पंप आले आहेत, त्यांच्या पोटात 12 व्होल्टची बॅटरी असते. दोन-तीन हंगामांनी ती पंप ओढेनाशी होते आणि गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडते. जी बॅटरी कपाशीच्या चार ओळीही फवारू शकत नाही, ती एलईडी मात्र आरामात पेटवते, कारण हे दिवे मागतात ते विसेक मिलिॲम्पिअर. तीन पिवळे एलईडी एका माळेत, सोबत 220 ओहमचा रोध, अशा तीन माळा एका बाजूला. 555 हे ओझं मदतीशिवाय उचलतो. बॅटरीचं वजन दोन किलोच्या वर जातं, ही तक्रार खरी. पण चाऱ्याचा भारा नेणाऱ्या सायकलला दोन किलोचं काय? पुतणीच्या सायकलसाठी मात्र छोटे लिथियम सेल घ्यावे लागले. तिचं दप्तरच पुरेसं जड आहे.

दिव्यांची खोकी भंगारात मिळाली. पडलेल्या मोटारसायकलींचे इंडिकेटर तिथे ढिगाने असतात, काचा शाबूत, रंग नेमका कायद्याला हवा तो नारिंगी-पिवळा. आतला बल्ब काढून एलईडीची गोल पाटी बसवायची, सांध्यांना एमसील लावायचं, कारण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल जिथे केसही शिरणार नाही तिथे शिरतो. वायर पुष्कळ बारीक तारांची घ्यावी. एका जाड तारेची वायर हँडल वळवून वळवून मुठीजवळ लवकर तुटते. तिथे वायरीला एक सैल वळसा द्यायचा आणि जुन्या ट्यूबच्या रबराने बांधायचा. हे सगळं टेबलावर झालं. खरी परीक्षा रस्त्यावर होती, आणि ती घेतली पुतणीने.

तिने सायकल घराच्या गल्लीत उभी केली, आपण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि मला बटण दाबायला सांगितलं. दिवा लुकलुकला.

‘‘काका, हा डावा आहे का उजवा?’’

मी म्हटलं, ‘‘उजवा.’’

‘‘ते तुम्हाले माहीत आहे. मले इथून कसं समजावं? अंधारात एकच दिवा दिसून रायला.’’

संबंध प्रकरणात याहून मोलाचा प्रश्न दुसरा निघाला नाही. मोटारीचा इंडिकेटर समजतो, कारण मोटार रुंद असते आणि तिच्या दोन्ही टोकांना तांबडे दिवे असतात. त्यांच्या संदर्भाने लुकलुकणारी बाजू कळते. सायकल अंधारात रुंदीच हरवून बसते. काळोखात एकटा लुकलुकणारा ठिपका हा डावा नसतो आणि उजवाही नसतो, तो नुसता ठिपका असतो. मोटारसायकलच्या मागच्या दोन इंडिकेटरांत निदान 18 सेंटीमीटर अंतर असावं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण नुसत्या अंतराने भागत नाही, मध्ये खूण लागते. म्हणून सीटखाली मधोमध एक लाल दिवा, न लुकलुकणारा, सतत जळणारा. आता लाल ठिपका स्थिर आणि त्याच्या उजवीकडे पिवळा उघडझाप करणारा. गल्लीच्या टोकावरून पुतणीने उजवा हात वर केला. मग डावा. मग मी मुद्दामच काही दाबलं नाही, तेव्हा ती नुसती उभी राहिली.

इंडिकेटर चालू करणं सोपं, बंद करायची आठवण राहणं अवघड. मोटारीत स्टिअरिंग परत सरळ झालं की खटका आपोआप सुटतो. सायकलच्या हँडलला तेवढी वळायची सवयच नसते, सायकल बरीचशी शरीराच्या झुकण्यानेच वळते. आणि आपला मागचा दिवा आपल्याला दिसत नाही. उजवा इंडिकेटर लुकलुकवत दोन किलोमीटर सरळ जाणारे मोटारसायकलवाले आपण रोज पाहतो. न सांगणाऱ्यापेक्षा हा खोटं सांगणारा मला जास्त धोक्याचा वाटतो. यावर उपाय म्हणून दुसरा एक 555, पण वेगळ्या जोडणीत: एकदा बटण दाबलं की ठरावीक वेळ चालू राहून आपला आपण बंद होणारा. 100 किलोओहम आणि 100 मायक्रोफॅरड घेतले की 11 सेकंद मिळतात. तेवढ्यात दिवा सोळाएक वेळा लुकलुकतो आणि सायकल चव्वेचाळीस मीटर जाते. वळायला पुरेसं. रस्ता ओलांडायला थांबावं लागलं तर पुन्हा दाबायचं. सोबत एक टिकटिकणारा बझर लावला. जुन्या गाड्यांत तापून वाकणाऱ्या धातूच्या पट्टीने दिवा उघडझाप करायचा आणि त्याची टकटक आपोआप ऐकू यायची. आमची टिकटिक विकत आणलेली.

हे सगळं कोणी पहिल्यांदा करत होतं अशातला भाग नाही. मूकपटांची नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने 1914 च्या सुमारास आपल्या मोटारीसाठी बटणाने वर-खाली होणारा सिग्नलचा हात तयार केला होता. नंतर मॉरिस मायनरसारख्या गाड्यांच्या दारालगतच्या खांबातून छोटा उजळलेला हात बाहेर पडायचा. लुकलुकणारे दिवे अमेरिकेत ब्युइक कंपनीने 1939 च्या गाड्यांवर दिले. आमच्या रस्त्यावर मात्र कितीतरी वर्षं ट्रकचा डावा इंडिकेटर म्हणजे क्लीनर. खिडकीतून अर्धा बाहेर लोंबणारा, हात हलवणारा, दारावर थाप मारणारा पोऱ्या. त्याच्याइतकं स्पष्ट बोलणारं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही. डोळ्याला डोळा भिडवून तो सांगायचा, की थांब, आम्ही येतोय.

आणि इथेच माझ्या उत्साहाला जरा लगाम बसतो. दिव्याने सांगितलं तरी ऐकणाऱ्याला ती भाषा यायला हवी. आमच्या हमरस्त्यावर उजवा इंडिकेटर ‘मी उजवीकडे वळतोय’ असंही सांगतो आणि ‘पुढे मोकळं आहे, जा बाबा’ असंही. चौकात चारही दिवे लावून सरळ जाणारे वेगळेच. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये बंद केलं, पण वाजवून पुढे जाण्याची रीत तशीच राहिली. अशा रस्त्यावर मागच्या चालकाने सायकलवर लुकलुकणारा दिवा पाहिला तर त्याच्या मनात काय येईल? बहुधा ‘मोटारसायकल आहे’ असंच. ते मला चालतं. मोटारसायकल समजून तो निदान ही पुढची वस्तू हलणारी, वळणारी आहे, असं धरून चालेल. जर्मनीसारख्या शिस्तीच्या देशातसुद्धा साध्या दुचाकी सायकलला इंडिकेटर लावायची मुभा 2024 साली मिळाली. त्याआधी तिथे हातच दाखवावा लागे. आपल्याकडे सायकल मोटारवाहन कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही, त्यामुळे लावा म्हणणाराही कोणी नाही आणि लावू नका म्हणणाराही. दुर्लक्षाचा एवढा तरी फायदा.

सायकलवाल्याच्या हातात एवढंच असतं की सांगायचं लवकर आणि मग मागे वळून बघायचं. मिनिटाला 91 च्या लयीत एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत तो 80 च्या वेगाचा ट्रक 15 मीटर पुढे आलेला असतो. तीन लुकलुकी म्हणजे 45 मीटर. त्याने ब्रेकवर पाय ठेवायच्या आधीच त्याच्या वाट्याची निम्मी जागा संपलेली असते. म्हणून पुतणीला घातलेली अट दिव्याबद्दल नव्हतीच: बटण दाबल्यावर पाच टिकटिकी मोजायच्या, मान वळवून बघायचं, गाडी जवळ असेल तर उतरून कडेला उभं राहायचं. दोन्ही हात हँडलवर असल्यामुळे मान वळवताना तिची सायकल आता हेलकावत नाही, हा या उद्योगातून झालेला खरा लाभ. दिवा कोणी पाहो न पाहो, तिला मागचं पाहता येतं.

शेजारच्या दूधवाल्याने पहिल्या दिवशी दारात थांबून विचारलं होतं, ‘‘कायले एवढा खटाटोप करून रायले भाऊ? हात दाखोला की झालं.’’ मी काही बोललो नाही. काही दिवसांनी पहाटेच्या फेरीआधी तोच सायकल घेऊन अंगणात आला. पहाटे नांदुऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात आणि मागचे लोक त्याला चुकवायला अगदी शेवटी बाजूला वळतात, असं त्याचं म्हणणं.

‘‘मलेही लावून द्या ना एक. पैशाचं पाहू मंग.’’

त्याच्या सायकलला आमचा नकाशा लागू पडेना. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना कॅन लटकतात, ते नेमके तिथेच येतात जिथे दिवे हवेत. दिवे कॅरिअरला लावले तर कॅनच्या आड जातात. कॅनवरच लावावेत म्हटलं तर कॅन ॲल्युमिनिअमचे, चुंबक धरत नाहीत, आणि रोज उतरवून विसळावे लागतात. पुतणीचं म्हणणं, कॅनच्या मानेला ट्यूबच्या रबराचा पट्टा करून त्यात दिवा अडकवायचा आणि वायरीला मध्ये हेडफोनची पिन द्यायची, म्हणजे कॅन काढताना पिन ओढली की झालं. दूधवाल्याचा आक्षेप असा, की पिनेत दूध गेलं तर? त्यावर सध्या दोघांची चर्चा चालू आहे, आणि मी जुन्या रेडिओंच्या डब्यात झाकणवाली पिन शोधतो आहे.